विश्लेषण : युरियाच्या रांगेत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांची आठवण का व्हावी?

खरिपाची पेरणी आटोपून पहिला चांगला पाऊस झाला की कृषी सेवा केंद्रांसमोर युरियासाठी रांगा लागतात. कुठे साठा संपलेला असतो, तर कुठे युरियाच्या गोणीबरोबर नको असलेले दुसरे उत्पादन गळ्यात मारले जाते. दरवर्षी तक्रारी होतात, दरवर्षी आश्वासने मिळतात. मात्र या गोंधळात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्या शेतासाठी ही गोणी चालली आहे, त्या शेताला खरेच युरिया हवा आहे का?

हा प्रश्न विचारण्याची पद्धत जगाला ज्यांच्यामुळे माहीत झाली, ते एकोणिसाव्या शतकातील जर्मन रसायनशास्त्रज्ञ म्हणजे युस्टुस फॉन लीबिग. गंमत अशी की नत्राच्या बाबतीत स्वतः लीबिग जोरदार चुकले होते. आज आपण करत असलेली चूक त्यांच्या चुकीच्या बरोबर उलटी आहे. म्हणूनच त्यांचे आयुष्य आणि काम समजून घेणे हा केवळ विज्ञानाच्या इतिहासाचा विषय राहत नाही.

लीबिग कोण होते?

अकरावी-बारावीला किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्राचे प्रॅक्टिकल केलेल्यांना ‘लीबिग कंडेन्सर’ आठवत असेल. काचेच्या नळीभोवती दुसरी नळी आणि मधून वाहणारे थंड पाणी. हे उपकरण लीबिग यांनी शोधलेले नाही, त्यांनी ते लोकप्रिय केले. पण नाव त्यांचेच चिकटले. असा प्रकार त्यांच्या बाबतीत पुढेही घडला.

त्यांचा जन्म १२ मे १८०३ रोजी डार्मश्टाट येथे झाला. वडिलांचा रंग, वॉर्निश आणि रसायनांचा व्यापार होता. त्यामुळे प्रयोगांचे साहित्य घरातच मिळाले. शाळेत ते फारसे चमकले नाहीत. एका औषधविक्रेत्याकडे त्यांना उमेदवारीसाठी ठेवले, पण काही महिन्यांत ते परतले. स्फोटके हाताळताना धमाका झाला म्हणून त्यांना घरी पाठवले, अशी आख्यायिका आहे. वडिलांना उमेदवारीचे पैसे परवडले नाहीत, असेही काही इतिहासकार मानतात.

लीबिग १३ वर्षांचे असताना, म्हणजे १८१६ मध्ये, युरोपात उन्हाळाच आला नाही. आदल्या वर्षी इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता. त्याच्या परिणामाने थंडी लांबली, पिके बुडाली आणि जर्मन प्रदेशांत उपासमार झाली. पुढे शेतीच्या रसायनशास्त्राकडे वळलेल्या माणसाने पोरवयात भूक जवळून पाहिली होती, एवढे नक्की म्हणता येते.

बॉन आणि एर्लांगेन येथे शिकून ते पॅरिसला गेले. तेथे गे-ल्युसॅक यांच्या प्रयोगशाळेत काम करण्याची संधी मिळाली. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी शिफारस केली आणि १८२४ मध्ये, वयाच्या अवघ्या २१व्या वर्षी, लीबिग गीसेन येथे प्राध्यापक झाले.

गीसेनच्या प्रयोगशाळेत वेगळे काय होते?

गीसेन हे लहान गाव होते. प्रयोगशाळेसाठी जागा मिळाली ती लष्करी बराकीच्या जुन्या पहारेकऱ्यांच्या इमारतीत. त्या काळी रसायनशास्त्र म्हणजे मुख्यतः व्याख्यान. गुरुजी प्रयोग करून दाखवणार आणि विद्यार्थी बघणार. लीबिग यांनी विद्यार्थ्यांच्या हातात उपकरणे दिली. आधी ठरावीक पृथक्करणे शिकायची आणि मग स्वतंत्र प्रश्न घेऊन काम करायचे, अशी पद्धत त्यांनी बसवली.

यासाठी मोजमाप सोपे होणे गरजेचे होते. १८३१ मध्ये त्यांनी पाच फुगे असलेले काचेचे एक छोटे उपकरण तयार केले. सेंद्रिय पदार्थ जाळला की निघणारा कार्बन डायऑक्साइड त्यातील पोटॅशच्या द्रावणात शोषला जाई. उपकरणाचे वजन किती वाढले ते पाहिले की पदार्थात कार्बन किती होता ते कळे. पूर्वी ज्या पृथक्करणासाठी मोठ्या शास्त्रज्ञांनाही बराच काळ लागत असे, ते आता विद्यार्थी करू लागले. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात आजही हे उपकरण दिसते.

येथून शिकून गेलेल्यांची नावे पाहिली की या प्रयोगशाळेचे महत्त्व कळते. वास्तुरचना शिकायला गीसेनला आलेले केकुले लीबिग यांची व्याख्याने ऐकून रसायनशास्त्राकडे वळले. पुढे त्यांनीच बेंझिनची रचना मांडली. ऑगस्ट हॉफमन लंडनला गेले आणि त्यांच्या हाताखालील विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये जांभळा कृत्रिम रंग शोधला. जर्मन रसायन उद्योगाला लागणारी माणसे अशाच प्रयोगशाळांतून तयार झाली.

युरियाशी त्यांचा संबंध काय?

लीबिग यांचे जवळचे मित्र फ्रीडरिख व्होलर. दोघांची ओळख एका वादातून झाली. लीबिग यांनी तपासलेला चांदीचा एक संयुग-पदार्थ स्फोटक होता, तर व्होलर यांनी तपासलेला शांत. पण दोघांच्या पृथक्करणात मूलद्रव्ये तीच आणि प्रमाणही तेच निघाले. कोणीतरी चुकले असणार, असे आधी वाटले. प्रत्यक्षात दोघेही बरोबर होते. मूलद्रव्ये सारखी असली तरी त्यांची मांडणी वेगळी असू शकते, हे त्यातून पुढे आले.

याच व्होलर यांनी १८२८ मध्ये अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला. तोवर युरिया हा सजीवांच्या शरीरातच तयार होणारा, मूत्रात सापडणारा पदार्थ मानला जात होता. तो प्रयोगशाळेत, प्राण्याच्या मूत्रपिंडाशिवाय तयार झाला. अर्थात तेव्हा कोणाच्याही डोक्यात खत नव्हते. खतासाठी युरिया कारखान्यात बनू लागला तो विसाव्या शतकात, हाबर-बॉश पद्धतीने हवेतील नत्रापासून अमोनिया करता येऊ लागल्यानंतर.

शेतीबद्दल लीबिग यांनी काय सांगितले?

१८४० मध्ये लीबिग यांचे शेती आणि शरीरक्रियेच्या रसायनशास्त्रावरील पुस्तक आले. तोवर असा समज प्रबळ होता की वनस्पती जमिनीतील कुजलेला पाचोळा, म्हणजे ह्यूमस, खाऊन वाढतात. लीबिग यांनी हा समज मोडून काढला. वनस्पती कार्बन हवेतून घेतात आणि जमिनीतून स्फुरद, पालाश, चुना यांसारखी खनिजे घेतात, असे त्यांनी ठासून सांगितले. पीक कापून नेले की ही खनिजेही शेताबाहेर जातात. ती परत केली नाहीत तर जमीन खंगत जाणार.

याचाच दुसरा भाग म्हणजे ‘किमान घटकाचा नियम’. पिकाची वाढ ही जो घटक गरजेच्या मानाने सर्वांत कमी आहे, त्यावर अडते. बाकीचे घटक कितीही ओतले तरी उपयोग नाही. समजावून सांगण्यासाठी लाकडी फळ्यांच्या पिंपाचे उदाहरण दिले जाते. पिंपाची एक फळी आखूड असेल, तर पाणी त्या फळीच्या उंचीपर्यंतच राहणार. इतर फळ्या उंच करून काहीही साधत नाही. हे चित्र नंतरच्या अभ्यासकांनी काढले, पण ओळखले जाते ‘लीबिगचे पिंप’ म्हणूनच.

मूळ नियमही पूर्णपणे लीबिग यांचा नाही. कार्ल श्प्रेंगेल या जर्मन कृषिशास्त्रज्ञांनी १८२०च्या दशकातच तो मांडला होता. लीबिग यांचे लिखाण जोरकस होते, वाद घालण्याची खुमखुमी होती आणि वृत्तपत्रातून सामान्य वाचकांसाठी रसायनशास्त्रावर लिहिण्याची तयारीही होती. त्यामुळे नियम त्यांच्या नावावर जमा झाला. आज जर्मनीत दोघांचेही नाव घेतले जाते, ते योग्यच आहे.

मग लीबिग यांचे स्वतःचे खत का फसले?

१८४५ च्या सुमारास लीबिग यांनी इंग्लंडमध्ये स्वतःचे पेटंट खत बाजारात आणले. सिद्धांत पक्का, नाव मोठे. तरीही शेतात खत चालले नाही. कारण त्यांनी एक गृहीत धरले होते. विद्राव्य क्षार पावसाने वाहून जातील, म्हणून त्यांनी पालाश आणि स्फुरद मुद्दाम न विरघळणाऱ्या स्वरूपात आणले. खत जमिनीत राहिले, पण पिकाच्या मुळांपर्यंत पोहोचले नाही.

दुसरी चूक अधिक मोठी होती. हवेतून आणि पावसातून येणारा अमोनिया पिकाला पुरेसा आहे, नत्र वेगळे देण्याची फारशी गरज नाही, अशी त्यांची धारणा झाली होती. याला आव्हान दिले ते इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी. यांतील गिल्बर्ट हे गीसेनमध्ये लीबिग यांच्याकडेच शिकलेले. १८४३ मध्ये त्यांनी ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गव्हाचे प्रयोग सुरू केले. वेगवेगळ्या पट्ट्यांत वेगवेगळी खते, काही पट्टे विनाखताचे आणि दर हंगामाला उत्पादनाचे वजन. नुसती खनिजे दिलेल्या पट्ट्यांत गहू फारसा वाढला नाही. सोबत अमोनियम क्षार दिले की उत्पादन उडी घेई. हा प्रयोग आजही सुरू आहे.

लीबिग वर्षानुवर्षे भांडले. त्यांच्या लिखाणात विरोधकांबद्दल बोचरे शब्द आहेत. पण अखेर १८६२ मध्ये पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत त्यांनी एक गोष्ट मान्य केली. पोषक द्रव्ये धरून ठेवण्याची ताकद मातीतच असते, हे आपल्या लक्षात आले नव्हते. निसर्गाने केलेली व्यवस्था दुरुस्त करायला आपण निघालो होतो, अशा अर्थाची कबुली त्यांनी दिली. नत्राच्या प्रश्नावर मात्र ते पूर्ण नमले नाहीत.

या प्रकरणातून निघणारा धडा सरळ आहे. नियम बरोबर होता, पण कोणता घटक कमी आहे हे लीबिग यांनी शेतात न मोजता मनाशी ठरवले. किमान घटकाचा नियम सांगणारा माणूसच किमान घटक ओळखायला चुकला.

‘लुटीची शेती’ म्हणजे काय?

उतारवयातील लीबिग यांनी एक वेगळाच मुद्दा लावून धरला. शहरे धान्य खातात, पण त्यातील पोषक द्रव्ये शेतात परत न जाता गटारांतून नदीला मिळतात. लंडनचे सांडपाणी शेतीकडे वळवावे यासाठी त्यांनी आग्रह धरला. परत न करता नुसते काढत राहणाऱ्या पद्धतीला ते लुटीची शेती म्हणत. इंग्लंड खतासाठी युरोपच्या रणांगणांवरची हाडेसुद्धा उचलून नेतो, असा आरोपही त्यांनी केला. कार्ल मार्क्स यांनी ‘दास कॅपिटल’मध्ये लीबिग यांचा दाखला घेतला तो याच संदर्भात.

याच लीबिग यांचे नाव वापरून १८६५ मध्ये एक कंपनी दक्षिण अमेरिकेतील उरुग्वेत गुरांच्या मांसाचा अर्क काढून युरोपात विकू लागली. एक किलो अर्कासाठी सुमारे ३० किलो मांस लागे आणि त्याचे पोषणमूल्य जाहिरातीइतके नव्हते, अशी टीका तेव्हाच झाली. लुटीविरुद्ध बोलणारे लीबिग आणि दूरच्या खंडावरून पोषण उचलून आणणाऱ्या धंद्याला नाव देणारे लीबिग एकच होते. १८ एप्रिल १८७३ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

हा विचार भारतात कधी पोहोचला?

१८८९ मध्ये ब्रिटिश सरकारने जॉन ऑगस्टस व्होल्कर या कृषी रसायनतज्ज्ञांना भारतात पाठवले. त्यांचे वडील व्होलर यांचे विद्यार्थी. व्होल्कर यांचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय शेतकरी अडाणी आहे हा समज त्यांनी खोडून काढला. अडचण ज्ञानाची कमी आणि साधनांची अधिक आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. सरपण नाही म्हणून शेणाच्या गोवऱ्या जाळाव्या लागतात आणि शेत खताला मुकते, यावर त्यांनी बोट ठेवले. तेलबिया आणि कापसासारखा माल परदेशी जातो तेव्हा त्याबरोबर जमिनीचा कसही जातो, हेही त्यांनी नोंदवले. हा लीबिग यांचाच ताळेबंद होता. आपल्याकडे बेवड पाहून पीक घेणाऱ्या, शेणखत-लेंडीखत जपणाऱ्या शेतकऱ्याला त्यातले मर्म नवे नव्हते.

आज आपण नेमके काय चुकतो आहोत?

लीबिग यांनी खनिजे मोजली आणि नत्र विसरले. आपण नत्र ओततो आणि बाकीचे विसरतो. याला मुख्यतः शेतकरी जबाबदार नाही, किमती जबाबदार आहेत.

४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २०.७ किलो नत्र असते. करासह ही गोणी सुमारे २६६ रुपयांना मिळते. म्हणजे एक किलो नत्र साधारण १३ रुपयांना. डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना. तिच्यात नऊ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. नत्राची किंमत वजा केली, तर एक किलो स्फुरद सुमारे ५४ रुपयांना पडते. म्हणजेच नत्राच्या चौपट. हिशेब करणारा कोणताही माणूस स्वस्त गोणीच उचलणार.

एप्रिल २०१० मध्ये केंद्राने पोषणमूल्यावर आधारित अनुदान लागू केले, पण युरियाला त्यातून वगळले. इतर खतांचे भाव वाढले, युरिया जागेवर राहिला. देशात नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या वापराचे प्रमाण ढोबळमानाने ४:२:१ असावे असे मानले जाते. २००९-१० मध्ये ते ४.३:२:१ होते. २०१२-१३ मध्ये ते ८.२:३.२:१ वर गेले. ४:२:१ हे देशाचे ढोबळ प्रमाण आहे, एकेका शेताचे नव्हे. तरीही तीन वर्षांत एवढा फरक जमिनीच्या गरजेने पडत नाही, भावाने पडतो.

परिणाम शेतात दिसतो. मराठवाड्यातील चुनखडीच्या जमिनीत जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन पिवळे पडते. अनेकदा कारण असते लोहाची कमतरता. अशा वेळी नवी, वरची पाने पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. नत्र कमी असेल तर पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांपासून सुरू होतो. पण हाताशी स्वस्त युरिया असतो, म्हणून तोच फेकला जातो. तोही अशा पिकाला, जे मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंच्या मदतीने हवेतले नत्र स्वतः मिळवते. पिंपाची आखूड फळी लोहाची आणि उंची वाढवली जाते नत्राच्या फळीची. जादा नत्र पिकाला न लागता हवेत उडून जाते किंवा पाण्याबरोबर विहिरीत झिरपते. पीक लुसलुशीत होऊन त्यावर कीड वाढते आणि फवारणीचा खर्च वेगळा बसतो.

मग उपाय काय?

युरियाचे भाव एका रात्रीत वाढवणे हा उपाय नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला तो फटका सोसणार नाही. ‘रासायनिक खत बंद, फक्त शेणखत’ हाही नाही. तेवढे शेणखत आज गावात नाही, कारण तेवढी जनावरेच उरलेली नाहीत. दुसऱ्या बाजूला, ह्यूमसला अगदीच दुय्यम ठरवण्यात लीबिगही घाईला आले होते. सेंद्रिय कर्ब पाणी आणि पोषक द्रव्ये धरून ठेवतो, जिवाणूंना जगवतो. तो नसेल तर पिशवीतले खत टिकत नाही.

करण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. अनुदानाची एकूण रक्कम तीच ठेवून ती एकट्या युरियावर न लावता सर्व पोषक घटकांत वाटावी. फरक टप्प्याटप्प्याने आणि शेतकऱ्याच्या खात्यात थेट रक्कम देऊन भरून काढावा. युरियाला २०१५ पासून कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला, त्याने गळती काही प्रमाणात रोखली गेली असेल, पण भावातील तफावत लेपाने मिटत नाही.

दुसरे काम माती परीक्षणाचे. मृद आरोग्य पत्रिका २०१५ मध्येच आली. पत्रिका हातात आहे, पण ती पाहून खत घेणारे किती आणि ती पाहून खत देणारे दुकानदार किती, हा खरा प्रश्न आहे. अनेक ठिकाणी एका नमुन्यावर आसपासच्या कित्येक शेतांची पत्रिका निघते. शेजारच्या बांधापलीकडची माती वेगळी असू शकते, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. तालुक्याच्या ठिकाणी प्रयोगशाळा, पेरणीपूर्वी अहवाल आणि त्या अहवालात मराठीत ‘एवढ्या गोण्या, या खताच्या, या वेळी’ इतका स्पष्ट सल्ला मिळाला, तरच पत्रिकेला अर्थ आहे.

लीबिग यांच्यासारखा मोठा शास्त्रज्ञ न मोजता बोलला तेव्हा त्याचे खत शेतात फसले आणि त्याच्याच विद्यार्थ्याने मोजून ते दाखवून दिले. आपल्याकडे चूक दाखवणारी माती रोजच बोलते आहे. येत्या हंगामात युरियाचा साठा किती आला याची आकडेवारी सरकार देईलच. त्याबरोबर पेरणीपूर्वी किती शेतांची माती तपासली गेली, हाही आकडा तालुकावार जाहीर झाला पाहिजे. रांग कमी करायची असेल, तर सुरुवात तिथून करावी लागेल.